चाळिसावा चौकोन

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. तोही घराचा नव्हे, शेळ्यांच्या गोठ्याचा. घराच्या दरवाजाला पाहुणे ठाऊक असतात, मला शिंगे ठाऊक आहेत. माझ्या खालच्या अंगाला हात लावलात तर त्यांचे ओरखडे अजून लागतील.

मी मूळचा अक्रोडाचा. एका हिवाळ्यात बर्फाच्या भाराने ते झाड मोडले. सुताराने सरळ लाकडातून घराचा दरवाजा केला आणि उरलेल्या गाठाळ फळ्या जोडून मला उभे केले. शेळ्यांना गाठ काय आणि भेग काय, असे म्हणून त्याने माझ्यावर रंधासुद्धा अर्धाच फिरवला.

आमचे गाव डोंगरावरचे शेवटचे. त्याच्या वर फक्त बर्फ. शाळा, दवाखाना, बाजार, कचेरी, सगळे ओढ्याच्या पलीकडे. ओढ्यावर दोन ओंडके टाकलेले असत आणि त्या ओढ्याची एक रीत होती. पहाटे तो गुडघाभर असे. ऊन चढले की वरचा बर्फ वितळे आणि दुपारी तो बैलासारखा उधळत येई. दुपारनंतर ओढ्यात पाय घालायचा नाही, हे आमच्याकडे मूल चालायला लागण्याआधी शिकते. म्हणून वसंतापासून पुढे मुलींची शाळा बंद होई. पहाटे गेलेली मुलगी दुपारी परत येणार कशी? मुलगे पलीकडे नातेवाइकांकडे राहत. मुलींना कोण परक्या घरी ठेवणार?

माझ्या घरात तिघीजणी होत्या. सासू, सून आणि सुनेची अकरा वर्षांची मुलगी. सुनेचा नवरा रस्त्याच्या कामावर दरडीखाली गेला होता. सून सातवीपर्यंत शिकलेली, म्हणजे आमच्या गावात विदुषीच. एके दिवशी ती खालून बातमी घेऊन आली, की बायकांनी अर्ज केला आणि त्यावर चाळीस सह्या असल्या, तर ओढ्यावर लोखंडी पूल मिळेल. अंगठा चालणार नव्हता. कारण मागे एकदा गावच्या प्रमुखाने साऱ्या बायकांचे अंगठे एकट्यानेच उठवून दिले होते. हाताची बोटे संपल्यावर त्याने पायाचेही वापरले, असे बायका हसत सांगत. कचेरीला मात्र हसू आले नव्हते.

गावात सही येणारी बाई एकच होती.

तिने टॉर्चच्या संपलेल्या सेलमधली काळी पूड डिंकात कालवली आणि माझ्यावर फासली. ओढ्याकाठचा मऊ पांढरा दगड खडू झाला. दुपारी गवताचे भारे उतरवून बायका माझ्यापुढे उभ्या राहू लागल्या. आत शेळ्या ओरडत, बाहेर बायका अक्षरे गिरवत. पहिल्या रात्री कुणीतरी मला उघडे ठेवले आणि शेळ्यांनी सगळा धडा चाटून साफ केला. सासूला तेवढे पुरले. ती उंबऱ्यावर लोकर कातत बसलेली असे. "सूनबाई, बायकांचं राहू दे," ती म्हणाली, "शेळ्या भराभर उचलतायत." प्रमुखाने सुनेला मास्तरीणबाई म्हणायला सुरुवात केली, तीही टोमण्यानेच. पूल झाला की पोरी जातील त्या परत यायच्या नाहीत, असे तो पुरुषांना सांगत फिरे. पण बायका येत राहिल्या. थोड्याच दिवसांत त्याही तिला मास्तरीणबाई म्हणू लागल्या आणि त्यात टोमणा नव्हता.

ते माझे वैभवाचे दिवस होते. पलीकडून गावात आलेले पाहुणेही थांबून मला पाहत. मला वाटे, सुताराने यायला हवे होते.

आता जे सांगतो त्यात दोष माझा आहे. मी होतो पुरुषभर उंच. बायका माझ्यावर खांद्यापासून हात फिरवून लिहीत, वीतभर एकेक अक्षर. त्यांनी कागद कधी समोर घेतलाच नव्हता. सह्यांच्या दिवशी फॉर्म जमिनीवर पसरला, तर त्यावर आगपेटीएवढे चाळीस चौकोन. पहिल्याच बाईचे पहिलेच अक्षर चार चौकोन ओलांडून गेले. मग त्यांनी कोरे कागद जोडले. चाळीस सह्यांना बावीस कागद लागले. कचेरीतल्या कारकुनाने तो गठ्ठा हातात धरून विचारले, "बाई, हा अर्ज आहे की भिंत?" सही चौकोनातच हवी, असे सांगून त्याने सगळे परत दिले. नवे फॉर्म पुढच्या वसंतात.

सून परत आली आणि तिने बायकांना सगळे खरे सांगितले. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी तुम्हाला हात उचलायला शिकवलं. आवरायला शिकवायचं राहिलं."

दुसऱ्या दिवशी तिने विळ्याच्या टोकाने माझ्यावर चाळीस चौकोन कोरले, आगपेटी ठेवून, एकेक मापून. मला दुखले, पण मी करकरलो नाही. प्रत्येक बाईला एक चौकोन. शेवटचा तिचा स्वतःचा. सगळ्यांचे झाल्यावर मी करीन, असे ती म्हणे. म्हणून तो रिकामाच राही. हिवाळाभर, बर्फ उंबऱ्यापर्यंत आलेला असतानाही, एकोणचाळीस बायका आपले नाव लहान करायला शिकल्या. गावात त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. ती अमक्याची आई, ती तमक्याची बायको. एकीने आपले नाव चौकोनात पहिल्यांदा बसवले, तेव्हा ती बराच वेळ तिथून हललीच नाही. मागच्या बाईने तिला ढकलले, "सरक गं, आमची पण नावं आहेत."

वसंत आला. फॉर्म स्वतः जाऊन आणायचा आणि पंधरा दिवसांत भरून द्यायचा, असा नियम होता. ती पहाटे ओढा ओलांडून गेली. साडेनऊला कचेरीच्या दारात होती. साहेब बैठकीत होते. मग साहेब जेवायला गेले. मग साहेबांची सही राहिली. फॉर्म तिच्या हातात पडला तेव्हा दोन वाजून गेले होते.

ती खाली मुक्काम करू शकली असती, असे नंतर पुष्कळांनी म्हटले. पण एकट्या बाईला तिथे कोण ठेवून घेणार? आणि ठेवले असते, तर दुसऱ्या दिवशी प्रमुखाच्या तोंडी काय असते, हे तिला ठाऊक होते. मास्तरीणबाई रात्र कुठे काढून आल्या, एवढा एक प्रश्न पुरला असता. एकोणचाळीस घरांनी आपापल्या बायकांना घरात घेऊन कड्या लावल्या असत्या. ओढ्याची रीत तिला माहीत नव्हती असे नाही. तिने फॉर्म प्लास्टिकमध्ये गुंडाळून डोक्याला बांधला आणि ओंडक्यावर पाय ठेवला.

ती आमच्या काठापासून चार हातांवर असताना ओंडके वाहून गेले. तिने काठाचे मूळ पकडले, पण पाण्याबरोबर येणारा धोंडा तिच्या पोटावर बसला. बायकांनी तिला वर ओढले.

गोठ्याकडे धावत आली ती सासू. तिने मला एकटीने बिजागरीतून उचलले. साठीच्या बाईत एवढे बळ कुठून आले, मला सांगता येणार नाही. सुनेला माझ्यावर निजवले, चौघींनी चार कोपरे धरले आणि त्या ओढ्याकडे निघाल्या. ओढ्यावर येऊन थांबल्या. दवाखाना पलीकडे होता. पाणी उतरणार पहाटे.

मित्रांनो, दरवाजाचे काम माणसाला पलीकडे जाऊ देणे. त्या दिवशी मी काठावर नुसता पडून होतो.

दोन पुरुष दोर घेऊन पाण्यात उतरले आणि परत फेकले गेले. प्रमुखही आला होता.  मुलगी आईच्या डोक्याशी बसली होती. आईने डोळे उघडले. "फॉर्म कोरडा आहे का बघ," ती म्हणाली.

मुलीने गाठ सोडली. "कोरडा आहे, आई."

"बरं झालं."

समोरच्या शिखरावरचे ऊन जायच्या आत ती गेली.

मला पुन्हा बिजागरीत बसवले. तेरा दिवस उरले होते. बायका एकेक करून आल्या आणि सही करून गेल्या. रडणे त्यांनी घरी आटोपलेले असे, कागद भिजू नये म्हणून. एकोणचाळीस झाल्या. एक कमी. गावात आणखी बायका होत्या, पण त्यांच्या घरच्यांनी त्यांना बाहेर पाठवले नाही.

एका दुपारी सासू माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिने आजवर माझ्याकडे शेळ्यांसाठीच पाहिले होते. नातीला म्हणाली, "तुझ्या आईचं नाव कसं लिहायचं ते मला दाखव. तिच्या चौकोनात मी तिची सही करते. कोणाला कळतंय?"

मुलीने आईच्या रिकाम्या चौकोनावर बोट टेकवले. तिलाही ते हवे होते, मला दिसत होते. मग म्हणाली, "नाही आजी. दुसऱ्याची सही करायची नाही, असं आई म्हणायची. तुझी कर."

"माझी?" म्हातारीने कातायची चाती खाली ठेवली. "थांब. माझं नाव आधी आठवू दे."

पन्नास वर्षांत त्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती. ते तिने नातीच्या कानात सांगितले. मी ऐकले आहे.

नऊ दिवस ती शिकली. पांढरा दगड तिच्या थरथरत्या बोटांतून निसटे. म्हणून तिने खिळा घेतला. चाळिसाव्या चौकोनात ती रोज तेच नाव त्याच रेघांवरून कोरत राहिली. नात तिचा हात धरी, मग नुसते मनगट, मग काहीच नाही. चौदाव्या दिवशी तिने फॉर्मवर सही केली. पंधराव्या पहाटे बायका ओढ्यातून चालत तो घेऊन गेल्या.

पूल तिसऱ्या वर्षी झाला. त्याच्या दगडावर साहेबांची नावे आहेत आणि प्रमुखाचेही आहे. एव्हाना वाचायला शिकलेल्या म्हातारीने ती एकेक अक्षर लावत वाचली. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर पुन्हा वरून सुरुवात केली. मग म्हणाली, "चल." आणि नातीला पलीकडे शाळेत सोडून आली. दुपारी आणायलाही गेली.

पुढे म्हातारी गेली, शेळ्या विकल्या, गोठ्याचे छप्पर बसले. मी जळणाच्या ढिगात पडलो. माझ्यावर पाऊस पडला, बर्फ पडला, एकोणचाळीस चौकोनांतला पांढरा दगड कधीच धुऊन गेला. एकदा कुऱ्हाड माझ्या कडेत शिरलीही. त्याच दिवशी ती मुलगी घरी आली होती, म्हणून वाचलो. आता ती पलीकडच्या शाळेत शिकवते आणि मी तिच्या वर्गाच्या भिंतीला टेकून आहे. मुले विचारतात, बाई, शेळ्यांचा दरवाजा शाळेत कशाला? ती सांगते, कधी थोडे, कधी सगळे.

मित्रांनो, पुलावरून जाताना दगडावरची नावे जरूर वाचा. पण जुने लाकूड चुलीत सारण्याआधी एकदा पालथे करून पाहा. जी नावे दगडावर गेली नाहीत, ती कुठेतरी अशीच पडलेली असतात.

माझ्यावर एकच नाव उरले आहे, खिळ्याने कोरलेले. त्याचे शेवटचे अक्षर चौकोनाबाहेर गेले आहे. कागदावर मात्र तिने ते आत बसवले होते.