अढीतलं सफरचंद

कॅनडात, ब्रॅम्पटनच्या घरामागचं सफरचंदाचं झाड हिवाळ्यात पाडायचं आणि उन्हाळ्याआधी तिथे बसायला लाकडी डेक बांधायचा, असं स्वानंदने ठरवून टाकलं होतं. इतरांची सफरचंदं सप्टेंबरात पिकतात, आणि हे महाशय ऑक्टोबर संपत आला तरी टणक! चावा घ्यावा तर दात आंबतात. मग ठेवायचं कशाला?

त्याच्या आईला, प्रभाताईंना, ते पटेना. रत्नागिरीचं घर बंद करून मुलाकडे आल्यापासून इथे त्यांचं स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं. रोज चहाचा कप घेऊन त्या जायच्या ते या झाडापाशीच. "अरे, झाडावर गोड होत नसेल तर अढीत होईल," त्या म्हणाल्या. "संक्रांतीपर्यंत थांब. नाही झालं, तर खुशाल पाड."

आणि बाईंनी खरंच अढी घातली हो! हापूसला घालतात तश्शी. बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या फर्नेसला लागून, पेंढ्यात फळं आणि वर गोधडी. आठवड्यात बरीचशी सुरकुतायला लागली. शेवटी सुनेने, कादंबरीने, शेजारच्या ग्रॅहम आजोबांना बोलावून आणलं.

गोधडी बघून आजोबा पोट धरधरून हसले. "हे नॉर्दर्न स्पाय जातीचं सफरचंद. याला ऊब नको, गारठा हवा. उशिरा फुलतं, म्हणून मे महिन्यातल्या हिमातून वाचतं. उशिरा पिकतं आणि थंडीत मुरून गोड होतं. याचं पहिलं झाड पलीकडे न्यूयॉर्क राज्यात होतं. ते फळ धरायच्या आधीच वाळलं. पण बुंध्याशी धुमारे फुटले होते, ते लोकांनी नेऊन लावले. दोनशे वर्षं त्यांचाच वंश चाललाय."

"मोठं चिवट दिसतंय मेलं," प्रभाताई खूश होऊन म्हणाल्या. उरलेली धड फळं त्यांनी पायऱ्यांखालच्या कोल्ड रूममध्ये हलवली. रोज दार किलकिलं करून वास घ्यायच्या. स्वानंद चिडवायचा, "काय आई, पेशंट कसा आहे?"

संक्रांतीला तिळगुळाच्या ताटात फोडी आल्या. प्रभाताईंनी ताट पुढे केलं. स्वानंदने एक फोड तोंडात टाकली. दुसरी टाकली. तिसरीला छोट्या ऊर्मीने त्याचा हातच धरला, "बाबा, दॅट्स माइन!"

मग हात पुसून त्याने झाड पाडणाऱ्याला फोन लावला. "सॉरी, आय हॅव टू कॅन्सल. इट्स माय मदर्स ट्री."

प्रभाताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच ओरडल्या, "अरे गाढवा, ग्रॅहम आजोबांना ठेव की चार फोडी!"