सी-रूम

माझी बायको रूपा नर्स होती. जळगावातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत ती लग्नाआधीपासून कामाला होती. तिथेच कधीतरी तिला हिपॅटायटिस सी लागला. कोणत्या सुईने, कोणत्या पेशंटकडून, ते तिलाही सांगता येत नव्हतं. हा आजार रक्तातून लागतो आणि काही कळू न देता वर्षानुवर्षं यकृत खराब करत राहतो. गल्लीतल्या गणेश मंडळाच्या शिबिरात तिने रक्त दिलं आणि ब्लड बँकेतून फोन आला, तेव्हा आम्हाला कळलं.

सिव्हिलमध्ये याच्या गोळ्या फुकट मिळतात. रूपाने त्या तीन महिने घेतल्या. तिच्यासारखीच आणखी एक नर्स तिथे यायची, शाझिया नावाची. मूळ धुळ्याची, जळगावात होस्टेलवर राहायची, वयाने बरीच लहान. बाकावर बसून दोघींचं जमलं. मी कारखान्यातून सुट्टी काढून सोबत जायचो, तेव्हा त्यांचं बोलणं कानावर पडायचं.

"ताई, बरं झाल्यावर भरीत पार्टी हवी."

"मी का देऊ? जी आधी बरी होईल ती देईल."

"मग मी मुद्दाम एक गोळी चुकवते."

"चुकव. बस मग इथेच म्हातारी होईपर्यंत."

दोघी बऱ्या झाल्या. शेवटच्या तपासणीत विषाणू सापडला नाही. डॉक्टरांनी रूपाला थांबवून घेतलं आणि माझ्यासमोरच सांगितलं. "सिस्टर, विषाणू गेला. तुमच्यापासून कोणालाही धोका नाही. पण तुमच्या यकृताचं नुकसान होऊन गेलंय. एकदा बरं झालं म्हणजे परत लागत नाही असं नाही. परत लागला तर ते यकृत सोसणार नाही. आणि साधी कार्ड टेस्ट कोणी केली तर त्यावर रेघ येणार. ती जन्मभर येणार. आजार होऊन गेल्याची ती खूण आहे, आजाराची नाही."

रूपा हसून म्हणाली, "सर, हे मला कळलं. हॉस्पिटलवाल्यांना कोण सांगणार?"

तिच्या हॉस्पिटलने उपचार चालू असताना तिला विश्रांती घ्यायला सांगितलं होतं. ती परत गेली तेव्हा जागा भरलेली होती. मग तिने दुसरीकडे विचारायला सुरुवात केली. आयसीयूचा अनुभव, त्यामुळे बोलावणं लगेच यायचं. मुलाखत चांगली व्हायची. मग रुजू होण्याआधी रक्त तपासायचे, आणि कार्डावर रेघ यायची.

एका ठिकाणी मेट्रन ओळखीची होती. तिने रूपाला बाजूला घेतलं.

"रूपा, मला समजतं गं. मी पण नर्सच आहे."

"मग मालकांना समजवा ना, मॅडम. हा बघा विषाणूचा रिपोर्ट. काही नाही त्यात."

"मालकांना समजेल. पेशंटच्या नातेवाइकांना समजेल का? एकाने जरी बोंब मारली की इथली सिस्टर कावीळवाली आहे, तर?"

अमळनेरला तिला घेतलं. आठवडाभर कामही केलं. मग लॅबमधल्या माणसाने सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचं सी पॉझिटिव्ह आलंय, माहीत आहे ना?" दुसऱ्या दिवशी तिचा चहाचा कप वेगळा ठेवलेला होता. त्यानंतरच्या दिवशी तिला येऊ नका म्हणून सांगितलं.

घरी ती आठवड्याची भाजी निवडून ठेवायची, डबे घासायची, पडदे धुवायची. एकदा मी म्हणालो, "राहू दे नोकरी. माझ्या पगारात भागतंय."

"तुमचं भागतंय," ती म्हणाली. "मी काय करू, ते सांगा."



मग धुळ्याहून फोन आला. तिथल्या एका हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही. फोन करणारा त्यांचा मॅनेजर होता, अनुज. तिशीतला माणूस, बोलायला गोड. रूपाने फोन स्पीकरवर ठेवला होता.

"सिस्टर, तुम्ही सी पॉझिटिव्ह आहात असं कळलं."

"होते. आता नाही."

"पण कार्डावर येतं ना?"

"कार्डावर येतं."

"मग झालं तर. आम्हाला तशीच सिस्टर हवी आहे."

त्यांच्याकडे डायलिसिसचा विभाग होता. सी झालेल्या पेशंटसाठी वेगळी खोली आणि वेगळ्या मशीन ठेवलेल्या होत्या. त्या खोलीत जायला कोणतीच नर्स तयार नव्हती. अनुज म्हणाला, "तुम्हाला भीती नाही. तुम्हाला एकदा होऊन गेलंय, आता काय होणार?"

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "डॉक्टर काय बोलले होते, विसरलीस?"

"नाही विसरले. पण डॉक्टर नोकरी देत नाहीत."

"रूपा, ते तुला बरी म्हणून घेत नाहीत. आजारी म्हणून घेतायत."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "सांभाळून करेन. मला काम येतं."

धुळ्याला देवपुरात तिने खोली घेतली. मी जळगावात चटईच्या कारखान्यात मेकॅनिक आहे, मला हलता येत नव्हतं. शनिवारी ती एसटीने यायची, सोमवारी पहाटे जायची. महिन्याभराने मी पहिल्यांदा ते हॉस्पिटल पाहायला गेलो.

पुढचा भाग चकचकीत होता. सी-रूम मागच्या बाजूला होती, जनरेटरच्या शेजारी. खिडकी होती, पण तिला फळी ठोकलेली होती. दारावर लाल रंगाने इंग्रजी सी लिहिलं होतं. बादलीवर सी, खुर्चीवर सी, चहाच्या थर्मासवर सी. रूपाच्या एप्रनच्या कॉलरवरही लाल दोऱ्याने सी शिवलेलं होतं, धोब्याला वेगळं कळावं म्हणून. पोऱ्या चहा आणायचा तो उंबऱ्याबाहेर ठेवून दार वाजवायचा आणि निघून जायचा.

"अहो, असं काय बघताय?" रूपा म्हणाली. "कपाळावर तेवढं राहिलंय."

आत दोन मशीन होत्या. एकीवर पिंपळनेरकडच्या सुमनबाई होत्या. त्यांनी मला पाहून रूपाला विचारलं, "हाऊ तुना घरवाला शे का?"

"हो, सुमनबाई."

"याले बी शे का?"

"नाही हो. यांना काही नाही."

"मंग याले बाहेर काढ," सुमनबाई म्हणाल्या आणि हसल्या. "आठे आपन बठ्ठा एकच घरना."

"खरंय, इथे सगळे एकाच घरचे," म्हणत रूपाही हसली. मी हसलो नाही. मी तिच्या हातांकडे पाहत होतो. सुमनबाईंची नळी नीट करून ती दुसऱ्या पेशंटकडे वळली आणि तेच हातमोजे तिच्या हातात होते. आयसीयूत असताना ती असं कधी करत नसे. घरी भाजी चिरून झाल्यावरसुद्धा ती दोनदा हात धुवायची.

बाहेर आल्यावर मी विचारलं. ती म्हणाली, "शिफ्टला एकच जोडी मिळते. मागितले तर म्हणतात, आत सगळे सारखेच आहेत, बदलायचे कशाला?"

"सगळे सारखे नाहीत. तू बरी आहेस."

"ते तुम्हाला आणि मला माहीत आहे."

दीड वर्ष असं गेलं. तिच्या बोलण्यात हळूहळू फरक पडला. आधी ती म्हणायची, "त्या पेशंटना असं होतं." मग म्हणायला लागली, "आम्हाला असं होतं." मी एकदा टोकलं, तर तिच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. सुमनबाईंचं बीपी अचानक उतरलं होतं, हात झटकला गेला, सुई निघाली आणि रूपाच्या तळहातात शिरली. आरपार हातमोज्यातून. आयसीयूत असं झालं की लगेच धावपळ होते, पेशंटचं आणि नर्सचं रक्त घेतात, नोंद करतात. इथे रूपा इन्चार्जकडे गेली तर तो म्हणाला, "ताई, तुम्हाला काय होतंय? तुम्ही तर आतल्याच." सगळे हसले. रूपाने मलाही ते हसतच सांगितलं.

"रक्त तपासलं का?" मी विचारलं.

"काय तपासणार? कार्ड लावलं तरी रेघ येणार, नाही लावलं तरी येणार."

"मग ती मोठी तपासणी कर. विषाणू मोजायची."

"अनुजसर म्हणतात, कशाला उगाच."

"तो कोण सांगणारा? तू सिव्हिलला जा."

"जाते हो. पुढच्या शनिवारी."

पुढच्या शनिवारी ती आली तेव्हा थकलेली होती. त्याच्या पुढच्या शनिवारी दवाखाना बंद होता. नंतर ती विषय निघाला की स्वयंपाकघरात जायची. मी सिव्हिलमध्ये नंबर लावून ठेवला, तर तिने धुळ्याहून कळवलं, बदली सिस्टर नाही, सुट्टी मिळत नाही. बदली सिस्टर कधीच मिळणार नव्हती. त्या खोलीत दुसरं कोणी पाऊलच टाकत नव्हतं.

दिवाळीला ती घरी आली. सकाळी अंगणात रांगोळी काढायला बसली आणि मला काहीतरी विचारायला तिने वर पाहिलं. उन्हात तिचे डोळे पिवळे दिसले. काय विचारलं ते मी ऐकलंच नाही. तिने माझं तोंड पाहिलं आणि रांगोळीचा डबा खाली ठेवला.

सिव्हिलचे डॉक्टर तेच होते. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या. "जुना परतलेला नाही," ते म्हणाले. "हा नवीन आहे, प्रकारही वेगळा आहे. तुम्ही पूर्ण बऱ्या झाला होतात, सिस्टर."

"हो," रूपा म्हणाली. "पण कोणाला ते खरंच वाटलं नाही."

पुन्हा गोळ्या सुरू केल्या. यकृताने साथ दिली नाही. पोटात पाणी भरायला लागलं. ते काढायचे, परत भरायचं. शेवटी तिला माणसं ओळखू येईनात. मला ती डॉक्टर समजायची आणि पेशंटची माहिती द्यायची, बीपी किती, लघवी किती. मी बरं म्हणायचो. होळीच्या आधी ती गेली.

दशक्रिया झाल्यावर अनुज घरी आला. रूपाच्या खोलीतलं सामान त्याने एका पिशवीत भरून आणलं होतं. फोटोला हात जोडले, खुर्चीवर बसला. मी चहा केला. तो प्यायला नाही. कप तसाच पुढे ठेवून म्हणाला, "भाऊ, फार वाईट झालं. त्यांच्यासारखी सिस्टर मिळणार नाही. सी-रूम बंद पडलीय. सुमनबाई वगैरे पेशंटना नाशिकला जावं लागतंय."

मी पिशवी आत नेऊन ठेवली.

"रूपाताईंबरोबर जळगावला एकीने गोळ्या घेतल्या होत्या ना? त्या सांगायच्या. धुळ्याचीच होती म्हणे. नंबर असेल तुमच्याकडे."

"नाही."

"बघा ना फोनमध्ये."

"नाही म्हणालो ना."

तो गोडच हसला. "बरं, बरं. मिळेल कुठून तरी."

त्याला मिळाला. पंधरवड्यात शाझियाचा फोन आला. "भाऊ, ताईंच्या जागेवर मला बोलावलंय. जाऊ का?"

"मी येतो, मग बोलू," मी म्हणालो. एसटीने धुळ्याला गेलो. शंभर फुटी रोडच्या मागे त्यांचं घर आहे; नोकरी गेल्यापासून शाझिया होस्टेल सोडून तिथेच राहत होती. तिचे वडील चांदभाई यंत्रमागावर होते, माग बंद झाल्यापासून घरीच असतात. ते म्हणाले, "पोरगी नर्स झाली म्हणून मोहल्ल्यात पेढे वाटले होते, भाऊ. आता दुकानात ओढण्यांच्या घड्या घालते."

मी शाझियाला सगळं सांगितलं. हातमोजे, सुई, इन्चार्जचं हसणं, रूपाचे डोळे. काही लपवलं नाही. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "दुसरीकडे कुठे घेतील का मला? तुम्हाला माहीत आहे का एखादं?"

मला माहीत नव्हतं.

"मग मी जाणार," ती म्हणाली.

"जायचंच असेल तर एक अट घाल. आधी विषाणूची तपासणी करायला लाव, मग रुजू हो. आणि दर सहा महिन्यांनी परत. लागलाच तर वेळेत कळेल, वेळेत गोळ्या मिळतील. तुझं यकृत अजून चांगलं आहे. मी येतो सोबत."

दुसऱ्या दिवशी आम्ही अनुजच्या केबिनमध्ये बसलो. शाझियाने बरं झाल्याचा रिपोर्ट टेबलावर ठेवला. मी अट सांगितली.

अनुजने रिपोर्टला हात लावला नाही. "भाऊ, तपासणी केली आणि निगेटिव्ह आली तर?"

"तर चांगलंच आहे."

"चांगलं कसं? निगेटिव्ह मुलगी मी सी-रूममध्ये ठेवली आणि उद्या तिला लागलं, तर आमच्यावर येईल ना. पॉझिटिव्ह असेल तर प्रश्नच नाही."

"मग तिला बाहेरच्या मशीनवर ठेवा. ती बरी आहे."

"बाहेर कशी ठेवू? कार्डावर रेघ आहे."

तो चिडून बोलत नव्हता. लहान मुलाला समजवावं तसं बोलत होता. "रूपाताईंनी कधी असला प्रश्न काढला नाही. समजूतदार होत्या."

मी उभा राहिलो. "चल शाझिया."

ती उठली नाही. टेबलावरचा रिपोर्ट तिने उचलला, घडी केली, पर्समध्ये खाली दडपून ठेवला आणि चेन लावली.

"सर," ती म्हणाली, "मी पॉझिटिव्ह आहे."

"नक्की ना?"

"हो."

"हे भाऊ काहीतरी वेगळं म्हणत होते."

"त्यांना नीट माहीत नाही. त्यांच्या घरात दुःख झालंय."

अनुजने मान हलवली आणि घंटी वाजवली. एक मावशी आली. तो तिला म्हणाला, "या सिस्टरना मागे घेऊन जा. खोली दाखवा."

शाझिया तिच्यामागून निघाली. दारात थांबली, पण वळली नाही. मी खाली येऊन फाटकाशी उभा राहिलो. वीज गेली आणि मागच्या बाजूला जनरेटर सुरू झाला. मी बराच वेळ थांबलो. ती आली नाही.