खिशातला चुरा

नवरा न्हाणीघरात गेला, नळाचा आवाज सुरू झाला, तशी बाइंडरबाईने दारामागच्या खुंटीवरचा त्याचा कोट काढला. उजव्या खिशात रुमाल आणि चष्म्याची डबी. डाव्या खिशात वरवर तरी काही नव्हतं. पण वरवरच्या गोष्टींवर विश्वास ठेवायचे दिवस आता गेले होते. तिने टेबलावर काळा कागद पसरला, खिसा उलटा केला आणि शिवणीत नख घालून खरवडलं. कागदावर चार कण पडले. पिवळसर, हलके, एका बाजूने खरपूस. पावाचा चुरा.

खोटं कशाला सांगा, तिला थोडं बरंच वाटलं. दोन महिने मनात पाल चुकचुकत होती ती उगाच नव्हती तर! तिने कागदाची पुडी केली आणि शिवणाच्या डब्यात रिळांखाली दडवली. पुडी करावी तर तिनेच. एकतीस वर्षं छापखान्यात बाइंडिंग केलेली बाई. तिने मारलेली घडी सहजासहजी उलगडत नसे, आणि चिकटवायची खळही तिथे तिच्याच हातची लागायची.

नवरा बाहेर आला तेव्हा कोट खुंटीवर होता आणि ती खिडकीत उभी राहून केस विंचरत होती.

वावडी तिला पहिल्यापासूनच बरीच. दूध पचत नसे, अत्तराच्या वासाने डोकं धरायचं, कपड्यांची पावडर बदलली की मनगटापर्यंत पुरळ. "आईला फक्त हवा चालते, तीसुद्धा गाळून," अशी मुलीने तिची थट्टा करून झाली होती. पण चोपन्नाव्या वर्षी वजन उतरलं, रक्त उतरलं, दोन पायऱ्या चढल्या की कठड्याला धरून उभं राहावं लागायला लागलं. पोटाच्या डॉक्टरांनी घशातून नळी घालून बघितलं आणि सांगितलं, गहू बंद. पाव, बिस्किटं, केक, सगळं बंद. दाट सूपसुद्धा नको, ते कशाने दाट केलंय कोण जाणे.

"अगदी थोडंसं चालेल?" तिने विचारलं होतं.

"चिमूटभरही नाही. तुमच्या आतड्याला एक कणही पुरतो रुसायला."

तेव्हा ती चार महिने रजेवर होती. स्वतःचं स्वतः रांधून खायची. घरातला गहू तिने हद्दपार केला, जुने लाकडी चमचे टाकले, चाळणी टाकली, भेगा पडलेला कटिंगबोर्ड टाकला. तब्येत सुधारली. गव्हाचा त्रास दाखवणारा रक्तातला आकडा उतरलेला बघून डॉक्टरांनी चक्क टेबलावर थाप मारली. मग ती कामावर रुजू झाली, आणि नेमका त्याच आठवड्यात नवरा निवृत्त होऊन घरी बसला. "आता स्वयंपाक माझ्याकडे," तो म्हणाला, "तू दमून येतेस." त्यानंतर दोन महिन्यांत पोट पुन्हा फुगायला लागलं, तोंड यायला लागलं, आकडा वर चढला.

"कुठूनतरी गहू पोटात जातोय. घरात शोधा," डॉक्टर म्हणाले.

त्यात शोधायचं काय? स्वयंपाकघरात माणूस एकच. आणि तोही असा की आजार निघाला त्या दिवशी म्हणाला होता, "अख्खी दुनिया पाव खाऊन जगते. तुझ्याच पोटाला काय सोनं लागलंय?" हे वाक्य तिने तेव्हा गिळलं होतं. आता ते रोज वर यायला लागलं.

नवरा निवृत्त होईपर्यंत एका मोठ्या कारखान्याच्या गेटवर होता. भोंगा झाला की बाहेर पडणाऱ्यांच्या पिशव्या, डबे, खिसे तपासायचे, हे त्याचं काम. लोक त्याला पाठीमागे 'झडती' म्हणायचे. आता झडतीचीच झडती चालली होती. तिने तांदळाच्या पिठाच्या डब्यावर शिलाईचा दोरा आडवा टाकून ठेवला. संध्याकाळी पाहिलं तर दोरा जागच्या जागी. म्हणजे बेरकी आहे, दोरा परत ठेवतो! तिने पातेली हुंगली. एका सुट्टीच्या दिवशी तर पाणी प्यायच्या निमित्ताने सात वेळा स्वयंपाकघरात जाऊन आली.

"तहान फार लागते का गं आज?" त्याने विचारलं.

"का? लागू नये?"

"लागू दे की. बाटली भरून देतो, बस तिथे निवांत."

"माझी बाटली मी भरेन."

त्याने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले आणि बटाटे सोलायला घेतले. दोनदा हात धुतो, म्हणजे आधी हाताला काहीतरी लागलेलं असणार, तिने मनाशी पक्कं केलं. संशयाचं पोट मात्र चांगलं असतं. त्याला काहीही घाला, अंगी लागतं.

त्यातच वरच्या मजल्यावरची शिंपीण जिन्यात सहज म्हणून गेली, "तुमचे हे रोज चारला बाहेर पडतात हो. घड्याळ लावून घ्यावं." आणि मग तो कोट, तो खिसा.

रविवारी मुलगी आली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. नवऱ्याने भात वाढला, वर भाजी वाढली, तरी बाइंडरबाईने चमचा उचलला नाही.

"आई, जेव ना. निवतंय."

"आधी हे बघ." तिने पुडी टेबलाच्या मधोमध उलगडली. "तुझ्या बाबांच्या खिशात निघालं."

नवऱ्याने चष्मा नाकावर चढवून पाहिलं. "पाव आहे," तो म्हणाला.

"कबूल आहे ना? ऐकलंस गं?"

"त्यात कबूल काय व्हायचंय? मला पाव आवडतो. मी बाहेर खातो."

"आणि त्याच हातांनी येऊन माझं जेवण करता."

"खिशात निघाला म्हणजे ताटात पडला का?"

"तुम्ही दुसरं काय केलंत जन्मभर?" ती म्हणाली. "खिशात निघालं की चोर. किती जणांच्या पोटावर पाय दिलात असा!"

"आई!" मुलगी ओरडली.

नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याने गळ्यातला ऍप्रन काढला, नीट घडी घातली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "मग माझ्या हातचं खाऊ नकोस," एवढंच बोलून तो आतल्या खोलीत गेला.

निघताना मुलगी हळू आवाजात म्हणाली, "पुढच्या रविवारी येते न्यायला. महिनाभर माझ्याकडे राहा. तिथे बरं वाटलं, तर मग बघू." तर मग बघू म्हणजे काय, ते दारात उभ्या असलेल्या दोघींनाही कळलं आणि आतल्या खोलीत बसलेल्यालाही कळलं असणार. तेहतीस वर्षांचा संसार त्या तीन शब्दांवर येऊन टेकला होता.

त्या आठवड्यात बाइंडरबाईने स्वतःचा स्वयंपाक स्वतः केला. तांदूळ कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली गळ्यात. तरी पोट फुगलंच. बुधवारी तर कामावरून दोनदा उठून धावावं लागलं. दुसरं कुणी असतं तर इथे जरा थांबून विचार केला असता. तिने एवढाच विचार केला की कुलपाची दुसरी किल्ली करून घेतली असणार. गेटवरचा माणूस, किल्ल्या करणारे ओळखीचेच असतात.

नवरा घरात पाहुण्यासारखा वावरत होता. पूर्वी ती आली की दारातच विचारायचा, "कसं आहे पोट?" तेही बंद झालं. न विचारल्याचा तिला राग येत होता, आणि राग येतोय याचा आणखी राग. शुक्रवारी तिने बॅग भरली. त्याने ती भरताना पाहिली आणि पेपरात डोकं घातलं.

शनिवारी छापखान्यात शाळेच्या वह्यांचं काम साडेतीनपर्यंत चाललं. ती घरी न जाता परस्पर कोपऱ्यावरच्या टपरीमागे जाऊन उभी राहिली. जायच्या आधी एकदा काय तो सोक्षमोक्ष लागू दे, म्हणजे मुलीकडे मान वर करून राहता येईल. चार वाजता नवरा बाहेर पडला. दोन गल्ल्या ओलांडून बेकरीत शिरला, एक गोल पाव घेतला, मैदानाच्या कडेच्या बाकावर जाऊन बसला. ती एका बंद व्हॅनच्या आड थांबली.

तो पुढे वाकून खात होता, गुडघ्यांच्याही पुढे मान काढून, चुरा सरळ जमिनीवर पडेल असा. सावकाश खात होता. खाऊन झाल्यावर उठला, कोट काढून जोरजोराने झटकला, दोन्ही खिसे उलटे करून झटकले. मग मैदानाच्या नळाशी गेला. तो दाबून धरायचा नळ होता, सोडला की पाणी बंद. कोपराने तो दाबून त्याने चार चुळा भरल्या. मग चष्म्याची डबी उघडली. तिच्यातून साबणाचा तुकडा काढला आणि नखं घासायचा छोटा ब्रश. साबण घरातलाच, बिनवासाचा होता, तिला चालणारा, पांढरा. एकेक नख घासून तो बोटं उजेडाकडे धरून बघत होता. एका नखाने समाधान झालं नाही, ते पुन्हा घासलं. या माणसाने आयुष्यात दुसऱ्या कुणाची इतकी कसून तपासणी केली नसेल.

तिला रडू आलं. हे तो आज पहिल्यांदा करत नव्हता. त्याच्या हातांना त्याची सवय होती.

तो नखं बघत होता म्हणून की काय, तिचीही नजर आपल्या नखांवर गेली. नखांच्या कडांना पांढरं वाळून बसलं होतं. खळ. आज सकाळचीच. दोन मापं मैदा, चिमूटभर तुरटी, पाणी, आणि मंद आचेवर सारखं ढवळायचं. शिजली की नाही ते कसं ओळखायचं? जुन्या फोरमनने शिकवलं होतं तसं. बोटावर घेऊन जिभेला लावायची. कच्चा मैदा लागला नाही की उतरवायची. दिवसातून दोनदा, घाईच्या दिवसांत तीनदा. शिवाय कागद मोजताना दर दहा पानांना तेच बोट जिभेवर. एकतीस वर्षं. लाकडी चमचे तिने टाकले, चाळणी टाकली, पण हे एकदाही मनात आलं नाही. कारण खळ हे काही खाणं नव्हतं. खळ ती खळ. डॉक्टरांनी विचारलं होतं, काय काय खाता? त्यावर खळ खाते, असं कोण सांगेल? आणि रजेवर असताना जे बरं वाटलं, ते का वाटलं, तेही आता लख्ख दिसलं.

ती व्हॅनला टेकून उभी राहिली. अख्ख्या छापखान्यात तिच्याइतकी बिनगाठीची खळ कुणाला जमत नव्हती. तो एक अभिमान होता तिला, आणि आता तोही गेला. एकदा वाटलं, मुकाट्याने घरी जावं. उद्या मुलीकडे जावं, सोमवारपासून खळ दुसरीला शिकवून मोकळं व्हावं, आणि बरं वाटलं की तिकडची हवा मानवली म्हणावं. कुणाला कळणार होतं? नवऱ्याला तर कधीच कळलं नसतं. तो असाच चारला येऊन नखं घासत राहिला असता, रिकाम्या घरी परत जाण्यासाठी.

ती नळाशी गेली.

तिला बघून तो दचकला. ब्रश घाईघाईने पाठीमागे लपवला. मग सावरला. "पाठलाग केलास?"

"हो."

"मग? सापडलं काही?"

"सापडलं." तिने दोन्ही हात त्याच्यासमोर पसरले. "हे बघा. खळ आहे. मैद्याची. शिजली की जिभेला लावून बघते मी. कामावर परत गेले तेव्हापासून, रोज."

तो हातांकडे बघत राहिला. "रोज?"

"दोन-तीनदा. शिवाय कागद मोजताना."

"डॉक्टरांना नाही सांगितलंस?"

"त्यांनी खाणं विचारलं होतं हो. खळ काय खाणं आहे?"

त्याच्या घशातून एक आवाज आला. हसू होतं की खोकला, तिला कळलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही काही आणत नव्हतात घरात. मीच आणत होते. आणि चोर तुम्हाला म्हटलं, पोरीसमोर. चुकलं माझं. उद्या तिच्यासमोरच सांगेन मी."

एरवी त्याने हात झटकून 'असू दे' म्हटलं असतं. आज म्हणाला नाही. ती वाट बघत होती, तरी म्हणाला नाही. त्याने फक्त साबणाचा तुकडा आणि ब्रश तिच्या हातात दिला आणि नळाचं बटण अंगठ्याने दाबून धरलं.

ती घासायला लागली. वाळलेली खळ लवकर निघत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! एक बोट झालं, दुसरं झालं. पाणी गार होतं, आणि बटण कडक असल्यामुळे त्याचा अंगठा पांढरा पडला होता. मैदानावरून आलेला एक माणूस रिकामी बाटली घेऊन मागे उभा राहिला. थोडा वेळ त्याने वाट पाहिली, मग खाकरला.

"अजून किती वेळ?" त्याने विचारलं.

"वेळ लागेल," नवरा म्हणाला, आणि बटणावरचा अंगठा त्याने काढला नाही.