आठवड्यातला एक तास

२०२३ सालच्या ऑगस्टात, एका सोमवारी दुपारी, वत्सलाबाईंनी कुसाबाईंच्या चांगल्या चालत्या मिक्सरची वायर अडकित्त्याने कट्कन कापली. शेजारच्या कुसाबाई मिक्सर पोटाशी धरून बघत होत्या.

“लय बुडाशी नको कापू, बाई. जोडता आली पाहिजे.”

“त्याला सगळं जोडता येतं.” वत्सलाबाईंनी हिंगाच्या डब्यातून पन्नासाची नोट काढून त्यांच्या हातात दिली. “दुरुस्त झाला की ही महेशला दे. फुकट केलेलं धरत नाहीत.”

हे सगळं मे महिन्यापासूनचं. सातपूरच्या कारखान्याने दुसरी पाळी बंद केली आणि सोळा वर्षं पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग करणारा महेश घरी बसला. पूर्वी कारखान्याचा भोंगा झाला की कॉलनीतल्या बायका कुकर लावायच्या, तो काळ वत्सलाबाईंनी पाहिला होता. भोंगा कधीच बंद पडला; पण महेश मात्र नोकरी गेल्यावरही साडेसहाला उठून, अंघोळ करून खुर्चीत बसायचा. घर सुनेच्या, निकिताच्या, मेडिकल दुकानातल्या पगारावर चालत होतं.

तशात स्नेहल आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. सरकारी पाहणीच्या यादीत त्यांचं घर निघालं होतं. दर तीन महिन्यांनी अशी चारदा ती येणार होती.

“दादा, गेल्या सात दिवसांत काही काम केलंत?”

“नाही.”

“एक तास तरी?”

महेशने नकारार्थी मान हलवली. तिने टॅबवर बोट टेकवलं.

“काय लिहिलंस गं?” वत्सलाबाईंनी विचारलं.

“बेरोजगार, आजी.”

“आणि एक तास केलं असतं तर?”

“तर कामात धरलं असतं. पैसे मिळालेलं हवं मात्र.”

“रोज एक?”

“नाही हो. अख्ख्या आठवड्यात एक.”

दुसऱ्या दिवशी महेश नऊपर्यंत उठला नाही. त्याच आठवड्यात पेपरात आलं, कारखान्याचा नफा यंदा गेल्या वर्षीपेक्षा चांगला पाव हिश्शाने वाढणार. “वाढणारच,” तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. “आमचे पगार वाचले, ते कुठे जातील?” आता दाढीही चार-चार दिवस राहू लागली. लिहिलेला तो शब्द पोराच्या अंगाला चिकटलाय, तो पुसायला हवा, एवढंच वत्सलाबाईंनी मनाशी धरलं.

ऑगस्टातला तो मिक्सर महेशने दुरुस्त केला. दोन दिवसांनी, दुसऱ्या खेपेला, स्नेहलने टॅबवर ‘स्वतःचं काम’ असं लिहिलं. महेश कितीतरी दिवसांनी हसला.

“एका वायरीत देशातला एक बेकार कमी झाला, आई.”

“होऊ दे की! तुझं काय जातं?”

नोव्हेंबरात इस्त्रीची पाळी आली. “टीव्हीला हात नाय लावू देणार, आधीच सांगते,” कुसाबाई म्हणाल्या. “माझी मालिका बुडल.” पन्नासाची दुसरी नोट डब्यातून गेली. स्नेहल येऊन गेली, तिने पुन्हा तेच लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आमटीसाठी डबा उघडला, तर दोन्ही नोटा आत. होत्या तशाच, चौघडी घातलेल्या. इस्त्रीचे पैसे घेताना महेशने नोट क्षणभर नाकाशी नेली होती, ते वत्सलाबाईंना आता आठवलं. बाहेर ओट्यावर तो कुसाबाईंच्या जावयाचा पंप उघडून बसला होता. तो पंप कोणी बिघडवलेला नव्हता. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि आमटी बिनहिंगाचीच झाली.

फेब्रुवारीत महेशनेच विषय काढला.

“आई, बुधवारी स्नेहल यायची. कुसामावशीचं काही बिघडवायचं राहिलंय का?”

वत्सलाबाईंनी निवडत असलेल्या तांदळाचं ताट खाली ठेवलं. “कधी कळलं तुला?”

“पहिल्याच दिवशी. वायर अशी सुपारीसारखी कापली जाते होय?”

“मग बोलला का नाहीस?”

तो दारात दुरुस्तीला आलेल्या पंख्याचं पातं पुसत राहिला. “तास चांगला गेला होता,” म्हणाला.

बुधवारी स्नेहलने शेवटचं लिहून घेतलं आणि चहाचा कप हातातच धरून बसली.

“आजी, महिनाअखेर माझं कंत्राट संपतंय. पुढचं काही ठरलेलं नाही.”

“मग तुला विचारायला कोण येणार?”

“आमचं घर यादीत नाही ना.”

“पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला ये,” वत्सलाबाई म्हणाल्या. “नागलीचे पापड घालायचेत. तासभर लाटून जा.”

ती आली. तिचे पापड नकाशासारखे व्हायचे. कुसाबाई हसून हसून बेजार झाल्या. निघताना वत्सलाबाईंनी तिच्या मुठीत हिंगाच्या डब्यातली एक नोट कोंबली. ती नको नको म्हणू लागली.

“ठेव. सात दिवसांतला एक तास झाला. आता कोणी विचारलं तर खोटं सांगावं लागणार नाही.”

महेश पुढे अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागला, आधीच्या निम्म्या पगारावर. संध्याकाळी ओट्यावर पंप उघडतो, रोज दाढी करतो. ते विचारायला कोणी आलं नाही. त्यांच्या चार खेपा भरल्या होत्या. निकिता त्याच दुकानात आहे. कुसाबाईंचा मिक्सर काळ्या चिकटपट्टीवर अजून चालतो, आणि अडकित्ता पुन्हा फक्त सुपारीला लागतो.

स्नेहल कळवणला, आपल्या घरी परतली. आठ महिने तिला काहीच मिळालं नाही. मग तिथल्या एका पतसंस्थेत लागली. पुढच्या वर्षीच्या दिवाळीत तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली,

“आजी, त्या नोटेचा वास काही जात नाही हो.”