नाईकाची मीठबंदी

उमरखेडच्या डॉक्टरांनी मीठ बंद करा म्हटलं, तेव्हा देवसिंग नाईक आधी हसलाच. बंजारा तांड्याचा नाईक तो, हुकूम सोडायची सवय, ऐकायची नव्हती. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून तो दोनदा फुगवून पाहिला, सुजलेल्या पायावर बोट दाबलं, आणि बोटाचा खळगा तसाच राहिला.

"रक्तदाब फार वाढलाय. लोणचं, पापड, चटणी बंद. भाजी-वरणातलंही मीठ बंद. नाही ऐकलंत, तर हृदय दमेल आणि एक दिवस थांबेल."

"डॉक्टरसाहेब, माह्या आज्यानं जनमभर बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं. अन् त्याच्या नातवानं अळणी खावं?"

"आजोबांनी वाहिलं. तुम्ही खाताय," डॉक्टर म्हणाले.

मानीबाई मात्र हसली नाही. एसटीत ती महागावच्या फाट्यापर्यंत नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि घरी पोचताच मिठाचं मडकं शेजारच्या जमनीला देऊन आली. पोरी सासरी गेल्या होत्या, घरात दोघंच. संध्याकाळी तिने ज्वारीची बाटी, म्हणजे भाकरी, आणि चिंच-लसूण घातलेलं तुरीचं वरण वाढलं. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. इथे आवडतीचंच अळणी झालं होतं. देवसिंगने दोन घास खाल्ले आणि ताट सारलं.

पण नाईकाला उपाशी मरायची वेळ येते थोडीच! तांड्याची रीत अशी, की भांडण मिटलं की दोन्ही बाजूंनी एका ताटात जेवायचं आणि पहिला घास नाईकाने घ्यायचा. नाईकाचा घास पडल्याशिवाय भांडण मिटलं असं कुणी मानत नसे. आता देवसिंगला न्यायाची अशी काही हौस सुटली की विचारू नका. वर्ष-वर्ष कुजत पडलेले बांधाचे तंटे जेवणवेळेच्या आत मिटू लागले. ज्या घरात भांडण नसेल तिथे तो आपुलकीने बसून, चौकशी करकरून एखादं शोधून काढायचा. मग पहिला घास, मग आग्रहाचा दुसरा, मग पापड, मग तेल घातलेली मिरचीची चटणी. डॉक्टरांचं बोलणं साऱ्या तांड्याला ठाऊक होतं. तरी दारात आलेल्या नाईकाला अळणी वाढायचं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखंच, असं बायांना वाटे. जमनी तर मानीबाईच्याच मडक्यातलं मीठ त्याच्या ताटात वाढत होती.

सूज पोटऱ्यांपर्यंत चढली. रात्री आडवं झालं की दम लागे, म्हणून देवसिंग भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपे. एकदा विहिरीवरून वर येताना तो टेकाडावरच खाली बसला आणि त्याला उठता येईना. वरून मानीबाई धावत आली. "ऊन लागलं," तो म्हणाला. ऊन नव्हतंच. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा मरणाची भीती वाटली, आणि ती बायकोला दिसली याची लाज त्याहून जास्त वाटली.

त्याच संध्याकाळी नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत, बसली होती. एकाएकी मानीबाई बायांमधून उठली, ओढणी कपाळावर ओढून पुढे आली.

"नाईक, माही फिर्याद हाय."

किसनसिंग कारभारी गडबडला. "घरचं घरी बोला ना, वहिनी."

"घरी ऐकाले कोनी राहतच नाई."

देवसिंगने रीतीप्रमाणे विचारलं, "कोनावर फिर्याद?"

"माह्या नवऱ्यावर. तो माह्या डोयासमोर मरून राह्यला. अन् या तांड्यातलं घरन् घर त्याले मदत करून राह्यलं."

"आमी तं प्रेमानं वाढलं व, मानीबाई!" जमनी कळवळून म्हणाली. "नाईकाले अळणी कसं वाढावं?"

"मंग मयतीले बी प्रेमानंच या."

देवसिंगने सुजलेले पाय धोतराखाली ओढून घेतले. त्याला राग आला होता, पण राग काढावा कुणावर? जन्मभर त्याने दुसऱ्यांना तोंडावर सांगितलं होतं, की गुन्हा दिसत असून जो गप्प बसतो तो अर्धा गुन्हेगार. इथे तर तो पुरताच होता.

"न्याय कोन करन आता?" किसनसिंगने हळूच विचारलं.

"नाईकच करन," देवसिंग म्हणाला. "नाईकाले मीठ बंद. घरात बी, तांड्यात बी. जो देईन, तो नाईकाचा दुस्मन."

"रीत राह्यली," किसनसिंग म्हणाला. "फिर्यादी अन् गुन्हेगारानं एका ताटात जेवलं पायजे."

बाया ओढणीआड हसल्या. नवराबायकोने चारचौघांत एका ताटात जेवल्याचं तांड्यात कुणी पाहिलं नव्हतं. मानीबाई घरून ताट घेऊन आली. तीच बाटी, तेच वरण. देवसिंगने पहिला घास घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. मग तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. आता हिलाही कळेल, अशी थोडी दुष्ट आशा त्याच्या मनात होती.

मानीबाईने घास घेतला, चावला, गिळला. दुसरा मोडला. दिवसभर राबून आलेलं माणूस रोजचं अन्न खातं, तशी ती खात होती.

देवसिंगचा हात ताटातच थांबला. बायका मागाहून जेवतात. तिच्या ताटात काय असतं ते त्याने जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

"तू बी अळणीच खाते?"

"दोन जीवाले दोन हांड्या कोन मांडते?"

"कवापासून?"

"तुमाले बंद झालं तवापासून."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

मानीबाईने वरणात बाटी बुडवली.

"सांगाले तुमी जेवाले घरी कुठी होते?"