डाव्या मडगार्डचा पोचा

हौसेरावांनी गाडी बोनकोड्याला धर्मराजच्या गॅरेजात आणली, तेव्हा त्यांचा एकच हट्ट होता. बाकीचे पत्रे बदलले तरी चालतील, पण पुढचं डावं मडगार्ड जुनंच राहिलं पाहिजे.

त्यांच्या पत्नी प्रेमलाबाईंना जाऊन आठ महिने झाले होते. जुनी फियाट नेरूळच्या सोसायटीत ताडपत्रीखाली पडून होती. तिच्या डाव्या मडगार्डला ताटलीएवढा पोचा होता. सत्तावीस वर्षांपूर्वी प्रेमलाबाई गाडी शिकत होत्या, तेव्हा गेटच्या खांबाला लागलेला. हौसेरावांनी तो कधी काढून घेतलाच नाही. पाहुणे आले की त्यांना खाली नेऊन दाखवायचे, "ही आमच्या मंडळींची सही." सगळे हसायचे. प्रेमलाबाईही हसायच्या. पण स्टिअरिंगला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

धर्मराजने रंग खरवडला आणि पोच्यात हातोडीचं टोक टेकवलं. ते आरपार गेलं.

"काका, पत्र्याचा पापड झालाय."

"तेवढा तुकडा कापून नवा जोड की. दाराला जोडलास ना?"

"दाराचा बाजूचा पत्रा जिवंत हाय. हितं वेल्डिंगला धरायलाच काय नाय. बघा."

त्याने वेल्डिंगची ज्योत लावून दाखवली. भोक वाढत गेलं.

"बाकी गाडी एवढी सडली नाही. मग इथंच कसं?"

"पोच्यात रंग तडकला, पानी बसलं. वर खाडीची हवा. तवाच ठोकून घेतला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं. वैनींची आठवन म्हनून ठेवला काय?"

"आठवण कसली? चांगली धडधाकट होती की ती तेव्हा. चिडवायला ठेवला."

धर्मराज हसला. "म्हंजे वैनी कच्च्याच होत्या म्हना गाडीत."

हौसेरावांनी चष्मा काढून पुसला.

"नाही रे. खांबापाशी मीच उभा होतो. ये, ये, अजून ये, असा हात करत होतो. आणि बोलत होतो शेजारच्या नंदकिशोरशी. मी सांगितलं तशीच ती आली."

"मग सांगायचं ना तसं."

"आवाज ऐकून माणसं जमली. हसायला लागली. मीही हसलो."

"वैनी काय बोलल्या नाय?"

"नाही. कधीच नाही."

धर्मराजने हातोडी खाली ठेवली. म्हणाला, "तुर्भ्याला भंगारात एक मडगार्ड हाय. एकदम सपाट. बसवू?"

"बसव."

"आनि हा जुना पत्रा घरी नेता काय? पुसून देतो."

हौसेरावांनी मान हलवून नको म्हटलं. घरी नेला की कोणीतरी विचारणार, हे काय म्हणून. आणि आपण खरं सांगू, याची त्यांना खात्री नव्हती.