किचनवालं म्युनिक

कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती आणि देशाबाहेर पडायला सरकारची खास परवानगी लागत होती. नेमके तेव्हाच यतिनला म्युनिकचे डोहाळे लागले. टार्निट या ऑस्ट्रेलियन उपनगरातल्या घरात डायनिंग टेबलावर तो सकाळी ऑफिसचं काम करायचा आणि दुपारी जर्मनीचं.

बजेट मिड-रेंज हवं, यावर तो ठाम होता. हॉस्टेलच्या बंकवर झोपायचं वय उलटलं होतं आणि पंचतारांकित हॉटेल काही परवडणार नव्हतं. मेट्रोचा पास, एक राजवाडा, दोन म्युझियम आणि बिअर गार्डनमध्ये एकदाच बसणं, तेही एका ग्लासावर भागवून. पैसे साठावेत म्हणून त्याने घरात टेकअवे बंद केला होता. त्यामुळे म्युनिकची बचत दोन्ही वेळा त्याची बायको, सुचित्रा, गॅससमोर उभी राहून करत होती. मधल्या वेळात ती बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून एका कंपनीचं पेरोल सांभाळायची.

शनिवारी त्याने तिला एक्सेल शीट दाखवायला बोलावलं. ती कणकेचे हात पुसत आली.

"यात हॉटेल कुठाय?"

"हॉटेल नाही, सर्व्हिस्ड अपार्टमेंट. फुल साइज किचन आहे. पोहे, रवा इथून नेऊ. छोटा कुकर बॅगेत बसतो, मी मोजलाय."

"आणि करणार कोण?"

यतिनला प्रश्नच कळला नाही. "पटकन होतं गं तुझं," तो कौतुकाने म्हणाला.

सोफ्यावरच्या चिन्मयीने, त्यांच्या दहा वर्षांच्या लेकीने, टॅबलेटमधून मान वर केली. "सो मम्मा इज द बफे?"

"मला सकाळी हॉटेलात खाली उतरायचंय," सुचित्रा म्हणाली. "दुसऱ्या कुणीतरी केलेलं खायचंय. आणि ताटली तिथेच ठेवून उठायचंय."

"ते मिड-रेंजमध्ये बसत नाही."

"बसव."

"अगं, रोजचे नव्वद युरो जातील."

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशी गत झाली. अर्धा तास वाद चालला. शेवटी यतिनने हुकमाचा एक्का काढला.

"पण भांडतेस कशाला? बॉर्डर बंद आहे. आपण जातोय कुठे? सगळं खोटंच तर आहे."

"तेच तर," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "खोटंच जायचं होतं ना, यतिन? मग खोट्या ट्रिपलासुद्धा तू मला स्वयंपाक करायलाच नेलंस."

ती बेडरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं.

यतिनला वाईट वाटलं, अगदी मनापासून. त्याने अपार्टमेंट खोडलं आणि जुन्या चौकाजवळचं चांगलं हॉटेल घातलं, तिघांच्या नाश्त्यासकट. बेरीज मिड-रेंजच्या बरीच वर गेली, पण त्याने हात आखडता घेतला नाही. भरायचा तर एक डॉलरही नव्हता. आपल्याच दिलदारपणाने त्याला भरून आलं. तो बंद दारापाशी जाऊन उभा राहिला.

"सुचित्रा, घातलं हॉटेल. ब्रेकफास्ट पण."

"छान," आतून ती म्हणाली. "आता आज रात्रीचं जेवण कर."